चाहता जिथं यजमान असतो : झाडीपट्टीच्या नाटकांचा एक मुक्काम

शुक्रवार

भिवापूर सुटलं की रस्त्याकडेचे बॅनर बदलतात. तोवर कोचिंग क्लास, दवाखाने आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. नागभीडच्या अलीकडून मात्र नाटकंच नाटकं. वर तिरक्या लाल अक्षरांत नाटकाचं नाव, त्याखाली 'तीन अंकी संगीत नाटक' आणि मग डझनभर चेहरे. मधला मोठा चेहरा मुंबईच्या मालिकेतला नाहीतर सिनेमातला. त्याच्या खांद्याला खांदा लावून वडशाची नायिका, मिशीवर हात ठेवलेला खलनायक आणि कोपऱ्यात डोळे तिरळे करून हसणारा विनोदी नट. नावांच्या आधी पदव्या: हास्यसम्राट, लावणीसम्राज्ञी, झाडीपट्टीची शान. नागपूरहून ब्रह्मपुरीला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले होते ती हे वाचत जाता यावं म्हणूनच.

संक्रांत होऊन गेली होती. धान कापून झालं होतं, बऱ्याच जणांचं चुरूनही झालं होतं, हातात थोडा पैसा आला होता. हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाच्या, नाटकांचा भर हंगाम. भाऊबीजेला गावोगावच्या मंडया, म्हणजे इकडच्या जत्रा, सुरू होतात तेव्हा पहिला पडदा वर जातो आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात रात्री जागत्या असतात. या सगळ्याचं केंद्र वैनगंगेच्या काठावरचं वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वे स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी वडसाच.

मी नटनट्यांची चाहती आहे आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आवडत्या कलाकाराला समोर बघण्यासाठी मी मुंबईच्या कॉमिक कॉनच्या रांगेत उभी राहिले आहे, पुढंही राहीन. चाहत्यांच्या या मेळाव्यांचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. सॅन डिएगोचं कॉमिक कॉन 1970 साली सुरू झालं ते मूठभर कॉमिकवेड्यांनी एका हॉटेलात जमून. 1972 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला 'स्टार ट्रेक'चं मोठं संमेलन भरलं, तेही चाहत्यांनीच उभं केलेलं. मालिका बंद पडून दोन-अडीच वर्षं झाली होती, तरी हजारो माणसं आली. आपल्याकडं दिल्लीत 2011 साली पहिलं कॉमिक कॉन झालं. पुढं या मेळाव्यांचा व्याप वाढला, परदेशातल्या मोठ्या संमेलनांत सहीचे वेगळे पैसे, फोटोचे वेगळे पैसे अशी रीत पडली. गर्दी इतकी की दुसरा मार्गही नाही. कलाकाराशेजारी उभं राहायचं, कॅमेरा चमकला की पुढं सरकायचं. त्या क्षणाचंही मोल आहे. पण बोलायचं राहून जातं.

हेच मी मामेबहिणीला फोनवर सांगत होते. तिचं सासर वडशाच्या पलीकडं, लाखांदूर रस्त्यावरच्या एका खेड्यात. ती म्हणाली, "आमच्याकडे तर नट घरी जेवतात. पटाच्या वेळी ये न वो ताई." पट म्हणजे शंकरपट, बैलांच्या शर्यती; त्याच रात्री गावात नाटक असतं.

ब्रह्मपुरीला भाऊजी मोटारसायकल घेऊन आले होते. पुलावरून वैनगंगा ओलांडली तेव्हा ऊन उतरत होतं आणि खाली वाळूच्या पट्ट्यांमधून पाणी वाहत होतं. गावात शिरताच भाऊजींनी मला आधी घरी नेलं नाही, नाटकाची जागा दाखवायला नेलं. नाटक आणणाऱ्या गावच्या मंडळाचे ते खजिनदार. दोन बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेतं, एक करून पोरांनी जमीन उतरती खोदली होती, म्हणजे मागं बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. निघालेली माती पुढं टाकून, धुम्मस करून रंगमंचाचा ओटा बांधला होता. बाजूनं हिरवे कापडी पडदे, खाली तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर. फावडं घेतलेला एक मुलगा दिवसा लाखांदूरला मोबाईल दुरुस्त करतो, दुसरा पोलीस भरतीसाठी धावतो. सगळे संध्याकाळी मातीत. कोणता नट आणायचा हे यांनीच ठरवलं, वर्गणी यांनीच जमवली, वडशाला जाऊन नाटक यांनीच बुक केलं, तिकिटं हेच फाडणार आणि खुर्च्याही हेच मांडणार. न्यूयॉर्कच्या त्या 1972 च्या मंडळींनी हे बघितलं असतं तर त्यांना फार परकं वाटलं नसतं.

रात्री मंडळाच्या बैठकीत कोणता कलाकार कोणाकडं जेवणार याच्या चिठ्ठ्या निघाल्या. कंपनीची पंचवीस-तीस माणसं: नट, नट्या, नाचणाऱ्या मुली, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे, पडदे ओढणारे, ड्रायव्हर. सगळ्यांना गाव जेवू घालतं. बहिणीच्या सासूबाईंच्या चिठ्ठीत ऑर्गनवाले आणि प्रॉम्प्टर आले. त्यांना नायिका हवी होती. शेजारच्या काकूंच्या नावानं नायिका निघालेली. सासूबाई उठून तिथंच म्हणाल्या, "तुमच्याकडचा मसाला लय जहाल. तिले आखी रात गायचं आहे. तिचा गळा बसला तर कोन जबाबदार?" काकू तयार नव्हत्या. शेवटी तोड निघाली ती अशी: रात्रीचं हलकं जेवण काकूंकडं, पहाटे नाटक सुटल्यावरचा चहा-फराळ आमच्याकडं. खजिनदारांच्या घरात आनंदीआनंद झाला.

शनिवार

सकाळपासून पाहुणे. मंडई असो की पट, त्या दिवशी गावातल्या लेकी माहेरी येतात, त्यांच्या सासरचे येतात, त्यांचे सोयरे येतात. सोयरिकीच्या गोष्टीही याच गर्दीत निघतात. आमच्या घरी दुपारपर्यंत पंगतीवर पंगत उठत होती. भात, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, वर भरपूर सांबार. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.

दुपारी शंकरपट झाला. बैलांच्या जोड्या धुरळा उडवत गेल्या, माणसं ओरडली, मीही ओरडले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत या गावानं पट नसतानाही नाटक मोडू दिलं नव्हतं. भाऊजी हे दोनदा बोलले, अभिमानानं.

रात्री दहाला नाटक लागणार म्हणून नऊपासून लोक चटया, गोधड्या, ब्लँकेटं घेऊन जागा धरू लागले. ट्रॅक्टर भरून आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येत होती. उद्घाटनाची भाषणं झाली. ती लांबली, पण कोणाची तक्रार नव्हती, कारण तेवढ्यात मागं कलाकारांची गाडी आली होती आणि निम्मी गर्दी तिकडं वळली होती.

चहाची किटली माझ्या हाती दिली गेली आणि त्या किटलीच्या जोरावर मी रंगपटात गेले. रंगपट म्हणजे रंगमंचामागं ताडपत्रीची खोली, दोन बल्ब, तारेवर टांगलेले पोशाख, पत्र्याच्या पेट्या. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून आरसा चिकटवलेला. खलनायक स्वतःच्या भुवया काळ्या करत होता आणि त्याच वेळी बाहेरून ताडपत्रीच्या फटीला डोळा लावलेल्या पोराला विचारत होता, "काय रे, दहावीचा अभ्यास झाला का?" पोरगा म्हणाला, "गणित राहिलं." "मग इथं काहून?" असं खेकसून त्यानं फट हातानं मोठी करून दिली.

नायिका वडशाच्या कंपनीतली. मूळ नागपूरची, हंगामभर वडशाला खोली करून राहणारी. या गावात ती आधीही येऊन गेलेली. तिच्याभोवती बायकांचा गराडा होता, पण फोन कोणाच्याही हातात नव्हता. ती केस बांधता बांधता विचारत होती, "मोठी सून बाळंत झाली का? काय झालं?" कोणीतरी म्हणालं, "पोरगी." ती म्हणाली, "मग पेढे कुठं आहेत?" कोणाची पाठदुखी, कोणाचं बोअरवेलचं पाणी आटलं, सगळं तिला माहीत. बायकाही तिला विचारायच्या राहत नव्हत्या: मुलगा कोणाकडं ठेवलास, आई आता चालते का, कंपनी पैसे वेळेवर देते का. शेवटच्या प्रश्नाला तिनं आरशातूनच मान हलवली, होकाराची.

मुंबईच्या अभिनेत्री साडेअकराच्या सुमारास आल्या. मालिकांमधून घराघरात माहीत असलेला चेहरा. गाडीचं दार उघडलं आणि जी लाट उसळली ती मी कॉमिक कॉनच्या गोरेगावच्या हॉलमध्येही पाहिली नव्हती. मंडळाच्या पोरांनी दोरी धरली, साखळी केली, त्यांना ताडपत्रीच्या आत आणलं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं द्या, मग सगळ्यांना भेटते." आणि खरंच भेटल्या. थकलेल्या दिसत होत्या, आदल्या रात्री दुसऱ्या गावी प्रयोग होता. तरी प्रत्येकाकडं बघून बोलत होत्या.

त्यांच्यापुढं सहावी-सातवीतली एक मुलगी आली. फोन नाही, वही नाही. म्हणाली, "मॅडम, तुमचा तो डायलॉग मले येते." आणि तिनं म्हणून दाखवला. मालिकेत त्या सासऱ्यांना उलट उत्तर देतात तो पूर्ण परिच्छेद, एकही शब्द न गाळता. शेवटच्या ओळीआधी मुलगी थोडी थांबली, मग आवाज खाली आणून ओळ टाकली. अभिनेत्रींनी विचारलं, "इथं तू का थांबलीस?" मुलगी म्हणाली, "तुमीच थांबल्या होत्या. तुमाले रडू येत होतं, पन तुमी रडल्या नाई." मग अभिनेत्रींनी तो परिच्छेद तिच्याबरोबर म्हणायला घेतला आणि मध्येच अडकल्या. पुढचा शब्द मुलीनं दिला. पुन्हा अडकल्या, पुन्हा तिनं दिला. बाहेर तिसरी घंटा झाली होती, ऑर्गनवर नांदीचे सूर लागले होते, तरी त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून घेतलं. उठताना त्यांनी कंपनीच्या मालकांना सांगितलं, "माझ्या प्रवेशाला हिला विंगेत बसू द्या, प्रॉम्प्टरशेजारी."

ती बसली. मी समोरच्या बाजूनं, तणसावर बसून, विंगेच्या कडेला दिसणारे तिचे गुडघे बघत होते. प्रॉम्प्टर बॅटरीच्या उजेडात लांबट वहीवरून वाक्यं पुरवत होता. इथं तालमींना वेळ थोडा, कलाकार आज या नाटकात तर उद्या दुसऱ्या, म्हणून प्रॉम्प्टर हा झाडीपट्टीचा कणा. ती पोरगी त्याच्या ओठांकडं टक लावून होती.

नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी: गरीब घरची सून, दारुडा नवरा, जमिनीवर डोळा असलेला सावकार, आणि मुंबईच्या अभिनेत्रींची भूमिका शहरातून आलेल्या वकील बाईची. मधून मधून लावण्या, आणि प्रत्येक गंभीर प्रवेशानंतर विनोदी नट. तो आला की पहिल्या वाक्याआधीच हशा. त्यानं गावच्या पाण्याच्या टाकीवर, भाऊजींच्या खजिन्यावर, उद्घाटकांच्या लांबलेल्या भाषणावर जागच्या जागी कोट्या केल्या. उद्घाटक पहिल्या रांगेत हसत होते.

दीडच्या सुमारास थंडी अंगात शिरली. मागं शेकोट्या पेटल्या. लहान पोरं आईच्या मांडीवर झोपली, पण सावकारानं सुनेच्या केसांना हात घातला तेव्हा बायकांच्या बाजूनं एक आवाज उठला, शब्द नसलेला. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "जा न वो माहेरी! गेल्या सालीबी सांगतलं होतं तुले!"

मला आधी कळेना. मग बहिणीनं समजावलं. मागच्या वर्षी हीच नायिका दुसऱ्या नाटकात होती, तिथंही छळ सोसणारी सून. सासूबाईंनी प्रयोगानंतर तिला गाठून सांगितलं होतं की इतकं सोसू नये. यंदाही तिनं ऐकलेलं नव्हतं.

रविवार

नाटक सुटलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते. लगेच कोणी उठलं नाही. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर का चालतात याचं एक उत्तर इथं बसलं की मिळतं: आसपास जंगल, ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघ माणसांच्या वाटेत येतात, आणि पाच-दहा किलोमीटरवरून आलेल्या माणसाला उजाडल्याशिवाय घरी जाता येत नाही. म्हणून पडदा पहाटेपर्यंत ताणायचा आणि पडल्यावरही लोकांना रेंगाळू द्यायचं. त्या रेंगाळण्यात चाहत्याला कलाकार मिळतो. मुंबईच्या अभिनेत्री त्यांचा प्रवेश संपल्यावर, तीन वाजता, नागपूरच्या विमानासाठी निघून गेल्या होत्या. बाकी सगळे इथंच, रंग पुसत, चहा पीत, लोकांत मिसळलेले.

नायिका आमच्या घरी आली ती सहाच्या सुमारास, तोंडावरचा रंग अर्धवट निघालेला, अंगावर स्वेटर. अंगणात बायका जमल्या होत्या. संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यामुळं तिलाही पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं, तीळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलचा डबा. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात घरच्या धानाचे तांदूळ. ओटी भरताना सासूबाईंचा हात तिच्या मनगटावर थांबला. तिथं खरंच लाल वळ होता, सावकारानं धरलं होतं तिथं.

"हे खरंखरं लागलं का?"

"लागतं आजी कधी कधी. तोही रंगात येतो ना. बाहेर तो चांगला माणूस आहे."

"तो चांगला असंल. पन तू रोज मार खातेस, मांगल्या सालीबी खाल्ला. लिहिणाऱ्याले दुसरं काही येत नाही का?"

अंगणातल्या बायका हसल्या नाहीत. एकजण म्हणाली की तिची मुलगी हे बघते. दुसरी म्हणाली की वकील बाईच मुंबईची का, आपली का नाही? नायिकेनं तांदळाचा डबा मांडीवर घेतला आणि गंभीरपणं उत्तर दिलं. म्हणाली, मला स्वतःलाही वकिलाची भूमिका करायची आहे, पण मुंबईची बाई आली की ती भूमिका तिच्याकडं जाते, आणि मी रडले की तिकीट खपतं असं सगळे म्हणतात. "तुम्ही मंडळाला सांगा. आमच्या सांगण्यापेक्षा तुमच्या सांगण्याला वजन आहे."

मी आजवर जितक्या कलाकारांना भेटले त्यांच्यापैकी एकीनंही मला असं काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. रांगेत माझ्यामागं माणसं असत. इथं पाहुणीला घाई नव्हती आणि यजमानीणबाईंना अधिकार होता. जेवू घातलेल्या माणसाला आपण चार गोष्टी स्पष्ट सांगतो, तसंच.

ती गेल्यावर आम्ही दुपारपर्यंत झोपलो.

संध्याकाळी भाऊजींनी मला विनोदी नटाच्या गावी नेलं, आरमोरीच्या बाजूला. फाट्यावरच्या पानठेल्यावर घर विचारलं तर ठेलेवाल्यानं खर्रा घोटता घोटता उलट विचारलं, "भेटाले आले का पैसे मागाले?" भेटायला म्हटल्यावर एक मुलगा सायकल काढून पुढं निघाला.

नट खळ्यात होता. उशिरा राहिलेलं धान चुरून झालं होतं आणि तो सुपानं उपणत होता, तोंडाला फडकं. आदल्या रात्रीचा कोणताही मागमूस नाही. बोलण्यातही फार विनोद नाही. हळू, विचार करून बोलणारा माणूस. पावसाळ्यात रोवणी, हंगामात नाटक, एखाद्या सालात प्रयोग कमी झाले तर मजुरीही. त्याच्या वडिलांनी दंडार, म्हणजे इकडचं जुनं लोकनाट्य, केली होती, तेव्हा बायकांची कामं पुरुषच लुगडी नेसून करत. वडिलांची लुगडं नेसण्याची पद्धत त्यानं आम्हाला खळ्यातच, फडक्यानं, करून दाखवली. कंबरेवरची एकच निरी, आणि माणूस बदलला.

आम्ही बसलेलो असतानाच एक म्हातारे गृहस्थ सायकलवर कोहळा बांधून आले. नदीपलीकडच्या गावाहून, सकाळी निघालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गावी प्रयोग झाला होता. त्यांचा मुलगा वारल्यानंतर घरात कोणी हसलं नव्हतं आणि त्या रात्री त्यांची बायको हसली. एवढंच सांगायला ते आले होते आणि वेलाला पहिला मोठा कोहळा धरेपर्यंत थांबले होते, रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून. नटानं सूप खाली ठेवलं, त्यांच्या पाया पडला. मग दोघंही धानाच्या राशीला टेकून बसले आणि यंदा धानाला तुडतुडा किती लागला, सरकारचा धानाचा बोनस जमा झाला का, यावर बोलत राहिले. नाटकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी विचारलं की इतक्या गावांत लोक कसे लक्षात राहतात. तो म्हणाला, "गाव हसण्यावरून ओळखू येते. नदीकाठचं गाव आधी हसते मग टाळी देते. जंगलाकडलं गाव उशिरा हसते, पन मग थांबत नाही." कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 ची पद्मश्री जाहीर झाली त्याबद्दल तो भरभरून बोलला. 5,000 हून जास्त प्रयोग, 800 भूमिका, आणि लोकांनी दिलेलं 'विदर्भाचे दादा कोंडके' हे नाव. त्या दिवशी आपण घरोघर साखर वाटली, असं त्यानं सांगितलं, जणू घरातल्याच वडीलधाऱ्याला मान मिळाला होता. "दिल्लीले झाडीपट्टी माहीत झाली," तो म्हणाला आणि पुन्हा सूप उचललं, कारण वारा पडायच्या आत रास उपणून व्हायला हवी होती. म्हाताऱ्यांनी घमेलं धरलं. भाऊजींनी पोतं धरलं. माझ्या हाती झाडू आला.

सोमवार

परतीच्या वाटेवर वडसा. भाऊजींना कंपनीचा हिशेब पुरा करायचा होता आणि मंडळाचे आणखी दोघं बरोबर होते. निघताना सासूबाईंनी त्यांना दारात थांबवून काय सांगायचं ते पुन्हा सांगितलं होतं, आणि अंगणातल्या त्या सगळ्या बायकांची नावं घेतली होती.

वडशात रस्त्याला लागून नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, दुकानाच्या गाळ्यासारखी. दारावर पोस्टर, आत एक टेबल, भिंतीवर तारखांचा मोठा तक्ता, कोणत्या रात्री कोणतं गाव. बाकावर दुसऱ्या कोणत्या गावची मंडळी बसलेली, फोटोंचा अल्बम चाळत. कोणता खलनायक घ्यायचा यावर त्यांचं हळू आवाजात भांडण चाललं होतं. टेबलामागचे व्यवस्थापक एका कानाला फोन लावून कोणालातरी गाडी कुठं बंद पडली ते विचारत होते.

हिशेब झाला. प्रयोग चांगला गेला होता, मंडळाकडं थोडे पैसे उरत होते, त्यातून शाळेच्या कुंपणाला तार घ्यायची असं ठरलेलं. मग भाऊजींनी पुढच्या सालचा विषय काढला. तारीख तीच, पटाची. नायिका तीच.

"ती पुढच्या साली आमच्याकडं असेल का ते आत्ताच कसं सांगू?" व्यवस्थापक म्हणाले. "हंगामाचा करार असतो."

"मग ती ज्या कंपनीत जाईल त्या कंपनीचं नाटक आम्ही घेऊ."

व्यवस्थापकांनी फोन खाली ठेवला. खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, असेल, आमच्याकडंच असेल.

"आणखी एक आहे," भाऊजी म्हणाले. "बाईले मार खायची भूमिका नाही पाहिजे. वकील, मास्तरीन, सरपंच, काहीही चालेल. गावच्या बायकांचं सांगणं आहे. नाहीतर बायका येणार नाहीत, आणि बायका नाही आल्या तर तिकीट कोन घेणार?"

शेजारच्या बाकावरचं भांडण थांबलं होतं. त्यांच्यातला एक म्हणाला, "आमच्याकडंबी हेच म्हणत होत्या."

व्यवस्थापक थोडा वेळ तक्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले की नवी नाटकं पावसाळ्यात लिहून होतात, जून-जुलैत लेखकांशी बैठक असते, तेव्हा सांगतो. भाऊजींनी अ‍ॅडव्हान्सची रक्कम टेबलावर ठेवली, पण हात वर तसाच ठेवला. "पावतीवर लिहा."

"पावतीवर असं लिहीत नसतात भाऊ."

"लिहा न. घरी दाखवा लागते."

त्यांनी पावतीपुस्तक ओढलं. तारीख, गावाचं नाव, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी. खाली 'शेरा' म्हणून छापलेल्या ओळीवर त्यांनी नायिकेचं नाव लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि पुढं लिहिलं: वकिलाची भूमिका. मग कार्बन नीट उमटला की नाही ते पान उलटून पाहिलं.